सातपूरचे अकरा कागद

रोहन, गौरी,

तुमच्या आईनं पत्रात विचारलं आहे की आजी नाशिकला आठवडाभर राहून आल्या, काय काय पाहिलं? रामकुंड पाहिलं नाही. काळारामाच्या देवळाजवळून रिक्षा गेली, पण रिक्षावाला गप्पांत होता. पांडवलेणी लांबून दिसली तेव्हा माझ्या डोळ्यात कचरा गेला होता. मी मुख्यतः सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला तापाच्या गोळ्यांचा एक कारखाना पाहिला. प्रवासी लोक तिथे जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रविवार

पुणे-नाशिक एस.टी.बद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती पोहोचली. न्यायला शरद येणार होता, आली त्याची बायको नलिनी. शरद म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, तुमचा काका. गोळ्या बरोबर झाल्या की नाही हे तपासणाऱ्या खात्याचा तो प्रमुख आहे.

"रविवारी कसला कारखाना?" मी विचारलं.

"इथली सुट्टी शनिवारी, मावशी. सगळ्यांनी रविवारी बंद ठेवलं तर इतर दिवशी वीज पुरत नाही म्हणे. लग्नाला आठ वर्षं झाली, रविवारी नवरा घरात पाहिला नाही."

तिच्या स्वरात तक्रार होती असं म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी महिना होता. घरात टोपलीभर द्राक्षं होती. आपल्याकडे पाव किलो आणून वाटीत घालून देतात. नाशिकला द्राक्षं विकत आणत नाहीत, ती येतात. कुणीतरी निफाडहून येतं आणि ठेवून जातं, आणि मग घरातली माणसं ती संपवायच्या मागे लागतात.

शरद रात्रीच्या जेवणाला आला तो फायलींचा गठ्ठा घेऊनच. मी तीस वर्षं मुंबईच्या एका औषध कंपनीत कागद तपासण्याचं काम केलं, हे तुम्हाला माहीत आहे. गुरुवारी सरकारी औषध निरीक्षक येणार होते आणि कंपनीची नियमावली इंग्रजीत होती. ती मराठी माणसांनी लिहिलेली होती आणि मराठी माणसांनीच वाचायची होती. तरी ती इंग्रजीतच असावी असा आग्रह कुणाचा होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यातलं इंग्रजी नीट करायला मला बोलावलं होतं.

सोमवार

सकाळी शरदनं मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. सोबत पापड देतात, तो का, हे विचारल्यावर मालक म्हणाले, "देतात." मी तिखट कमी मागितलं. त्यांनी वर दही घातलं आणि तिखट होतं तेवढंच ठेवलं.

कारखान्यात शिरताना पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी आणि पायात कापडी पिशव्या चढवाव्या लागतात. त्या वेषात मी आरशात पाहिलं. मी इडलीसारखी दिसत होते.

गोळ्यांच्या मशीनवर रंगनाथ नावाचा कामगार होता. निफाडजवळच्या खेड्यातला, घरी दोन एकर द्राक्षं. दर अर्ध्या तासानं तो दहा गोळ्या उचलतो, तोलतो आणि वहीत वजन लिहितो. एका बॅचची, म्हणजे एका वेळी केलेल्या गोळ्यांची, अशी एक जाड वही असते. कोणी काय तोललं, कोणी पाहिलं, किती वाजता, सगळं तीत असतं. उद्या त्या गोळीनं कुणाला अपाय झाला, तर शोध त्या वहीतून घ्यायचा असतो.

म्हणून वहीत खाडाखोडीचा नियम कडक आहे. चुकलेला आकडा गिरवायचा नाही, खरवडायचा नाही. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, ती अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख.

"आधी मी खिशात रबर ठेवायचो," रंगनाथ म्हणाला. "साहेबांनी गेटवर झडती घेऊन काढलं. आजी, लोक कारखान्यातून माल बाहेर नेतात म्हणून झडती असते. माझी आत काय आणतो म्हणून."

"मग आता?"

"आता सवय झाली. घरी बायकोशी बोलताना चुकलो तरी वाटतं रेघ मारून सही करावी. पण ती आधीचं बी लक्षात ठेवते, सहीची गरज नाय पडत."

मंगळवार

कंपनीनं कम्प्युटर आणला आहे. तुम्हाला त्यात नवल नाही, तुमच्या शाळेतही असेल. सातपूरला तो पाहायला शेजारच्या कारखान्यांतून माणसं येतात. त्याची वेगळी खोली आहे आणि बाहेर 'संगणक कक्ष, पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी. पडद्याच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक. गोळ्यांच्या खोलीला वातानुकूल यंत्र मिळावं म्हणून शरदचा अर्ज तीन वर्षं पडून आहे. कम्प्युटरला ते तीन दिवसांत मिळालं.

माझ्या चपला मी पाटीखाली ठेवल्या. बाहेर आले तेव्हा तिथे दुसऱ्याच कुणाच्या होत्या, अर्धा इंच मोठ्या. त्या घालून मी उरलेला आठवडा फिरले. माझ्या कोणी नेल्या ते कळलं नाही. त्या चावतात, हे त्या व्यक्तीला एव्हाना कळलं असेल.

खोलीत विमल पगारे होती. तेवीस वर्षांची, बी.एस्सी., टायपिंग येणारी, साडीवर पांढरा अंगरखा घातलेली. कंपनीनं तिला मुंबईला पाठवून कम्प्युटर शिकवून आणलं होतं. वह्यांतले आकडे कम्प्युटरमध्ये घालायचे आणि प्रत्येक बॅचचा गोषवारा छापायचा, हे तिचं काम. ती अजून कायम झाली नव्हती. सहा महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपणार होती आणि त्या दिवशी मॅनेजरांनी सही केली की नोकरी पक्की. तिचे वडील देवळाली कॅम्पात कारकून, मे महिन्यात निवृत्त होणारे. हे सगळं मला शरदनं सांगितलं. तिनं मला फक्त "आजी, इथे बसा, तिथे गार वारा अंगावर येतो" एवढंच सांगितलं.

दुपारी चाळीस बॅचचे चाळीस कागद छापून झाले. छापायचं यंत्र करवतीसारखं वाजतं. मॅनेजर पाहायला आले. ते उंच, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी वरचा कागद उचलला, वाचला, परत वाचला आणि शरदच्या हातात दिला.

तीन लाख गोळ्यांच्या मालातून पाच लाख सत्त्याऐंशी हजार गोळ्या झाल्या होत्या.

रंगनाथ वह्या परत न्यायला आला होता, तो शरदच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "साहेब, असं द्राक्षाचं झालं असतं तर मी हितं कशाला आलो असतो?"

कुणी हसलं नाही. विमलनं वही उघडून दाखवली. तीत दोन लाख एकोणनव्वद हजार लिहून, त्यावर रेघ मारून, शेजारी दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार लिहिलं होतं. तिनं दोन्ही आकडे घातले होते. कम्प्युटरनं इमानानं बेरीज केली होती.

"खोडलेला आकडा कशाला घातलात?" मॅनेजर म्हणाले.

"सर, खोडलेलं वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. कम्प्युटरमध्ये रेघ मारता येत नाही. मी मुंबईला विचारलं होतं. ते म्हणाले, नुसता बरोबर आकडा घाला, आधीचा जातो. जातो म्हणजे कुठे जातो, विचारलं, तर हसले. म्हणून मी दोन्ही घातले."

तीस वर्षांत मी कागदांतल्या पुष्कळ चुका पाहिल्या. बहुतेक नियम न पाळल्यामुळे होतात. नियम इतका पाळल्यामुळे झालेली ही पहिलीच.

चाळीसपैकी अकरा बॅचच्या वह्यांत खाडाखोड होती. ते अकरा कागद चुकले होते.

बुधवार

सकाळी विमलनं खोडलेले आकडे काढून अकरा कागद नव्यानं छापले. अर्धा तास लागला. मॅनेजर म्हणाले, "आता जुने बॉयलरमध्ये टाका."

विमलनं जुने अकरा कागद पुढ्यात घेतले. प्रत्येकातल्या चुकीच्या बेरजेवर पेनानं एक रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला, सही केली, तारीख घातली. मग ते टेबलाच्या खणात ठेवले.

"पगारे, मी काय सांगितलं?"

"सर, छापलेलं जाळता येत नाही. चुकलं असलं तरी."

"तो नियम वहीचा आहे."

"कम्प्युटरचा वेगळा आहे का सर?"

नव्हता. मॅनेजर दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "शुक्रवारी तुमचा कागद माझ्या टेबलावर येणार आहे. तेवढं लक्षात असू द्या." ते आवाज न चढवता बोलतात. त्यापेक्षा चढवलेला बरा.

दुपारी शरद माझ्याकडे आला. "मावशी, तू तिच्या घरी जाऊन समजाव. तुझं ऐकेल. मी बोललो तर मी मॅनेजरचा माणूस होतो."

"आणि नाही बोललास तर?"

"तरी होतोच," तो म्हणाला.

मी गेले. खरं सांगते, मला शरदचं पटलं होतं. मूळ वह्या होत्याच, त्यांत खोडलेलं सगळं जागच्या जागी होतं. छापलेला कागद म्हणजे नुसती नक्कल. तेवढ्यासाठी मुलीनं नोकरी घालवायची नाही.

पगाऱ्यांचं घर बौद्ध कुटुंबांच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. फडताळावर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी विमलची टायपिंगची प्रमाणपत्रं, काचेत बसवलेली. आईनं बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आपल्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात. तिथे विचारलं नाही, वाढलं.

जेवताना मी माझा मुद्दा मांडला. विमलनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आजी, पुढच्या वर्षी वह्या बंद करणार आहेत. मशीनवरच कम्प्युटर बसवायचाय, रंगनाथकाका तिथेच आकडा घालतील. चुकला तर तिथेच पुसतील. मग ते खोडलेलं कुठे राहील?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"गोळी कुणाला बाधली आणि कुणी विचारायला आलं, की त्या दिवशी आधी काय लिहिलं होतं? तर आपण काय दाखवणार? पडदा?"

तिचे वडील म्हणाले, "बाई, तुम्ही वडील माणूस. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. सांगा तिला."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण ते मनापासून म्हणत होते. मे महिना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी विमलकडे पाहिलं. मग त्यांना म्हटलं, "सांगायलाच आले होते. आता जमेलसं वाटत नाही."

परत जाताना त्यांनी मला रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत आम्ही थंडीबद्दल बोललो.

गुरुवार

निरीक्षक सडपातळ, साठीकडे झुकलेले, बारीक आवाजाचे होते. कंपनीनं जेवणात बासुंदी केली होती. त्यांनी स्वतःचा डबा काढला. चहासुद्धा घेतला नाही. बासुंदी कुणी खाल्ली याची चौकशी मी केली नाही, पण दुपारनंतर हिशेबखातं पेंगत होतं.

मॅनेजरांनी चाळीस कागद पुढे ठेवले. निरीक्षकांनी आकडे पाहिलेच नाहीत. ते प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा पाहत गेले.

"एकोणतीस कागद मंगळवारचे. अकरा बुधवारचे. असं का?"

छापताना तारीख कम्प्युटर आपणहून घालतो. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"छपाईची रिबन फिकी झाली होती," मॅनेजर म्हणाले. "पुन्हा छापले."

निरीक्षकांनी मान वळवली. "बाई, रिबन फिकी होती?"

शरद जमिनीकडे पाहत होता. मी विमलकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, हो म्हण, पोरी. बुधवारी इतकं पटलेलं असूनही म्हणत होते.

"रिबन चांगली होती सर." तिनं खण उघडला आणि अकरा कागद त्यांच्यापुढे ठेवले. "बेरीज चुकली होती. माझ्याकडून."

ते पुढचा तासभर एकेक कागद वहीशी ताडून पाहत होते. पाच लाख सत्त्याऐंशी हजारांवर ते थोडे थांबले.

"हे असं जपून ठेवायला कुणी सांगितलं?"

"नियमात आहे सर. पण कम्प्युटरसाठी काय करायचं ते नियमात सापडलं नाही."

"सापडणार नाही. आम्हीही अजून लिहिलेलं नाही."

मग त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं: चुकलेला आकडा जपून ठेवण्याची सोय कम्प्युटरमध्ये होईपर्यंत हाताच्या वह्या बंद करू नयेत, आणि हे अकरा दुरुस्त कागद मूळ नोंदींबरोबर ठेवावेत, पुढच्या तपासणीत पुन्हा पाहिले जातील. बाकी कंपनीविरुद्ध काही लिहिलं नाही. गेटवर सगळे त्यांना पोहोचवायला गेले. परत येताना मॅनेजर विमलला एवढंच म्हणाले, "उद्या बघू."

निरीक्षकांनी नियमावली मागितलीच नाही, तरी संध्याकाळी मी तिचा राहिलेला शेवटचा भाग तपासायला घेतला. त्यात एक वाक्य होतं, इंग्रजी अगदी निर्दोष, म्हणून मी ते ओलांडून पुढेही गेले होते. मग परत आले. दुरुस्तीशेजारची सही कायम नोकरीतल्या व्यक्तीचीच असावी, असं त्यात होतं. मी शरदला हाक मारली. त्यानं वाचलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे पाहून बोलला. "मावशी, हे उद्या मी सांगतो. तू बोलू नकोस."

शुक्रवार

फायली द्यायला मी मॅनेजरांच्या खोलीत गेले तेव्हा शरद आणि विमल तिथेच होते. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. उद्यापासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही, असं. मला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं, तीस वर्षांची सवय आहे.

"निरीक्षकांसमोर तुम्ही मला खोटं पाडलंत," मॅनेजर म्हणाले.

"मी नाही सर. तारखेनं."

शरद खाकरला आणि नियमावली उघडून पुढे सरकवली. "साहेब, त्या अकरा कागदांवर उमेदवाराची सही आहे. आपल्याच नियमानं ती चालत नाही. पुढच्या तपासणीत ते कागद पुन्हा मागणार आहेत." मग एका दमात म्हणाला, "आणि हिला काढलं तर पुढचे कागद मी सही करून देणार नाही."

मॅनेजरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. माणूस मुळात वाईट नव्हता, त्याला नुसती घाई होती. ते म्हणाले, "ठीक आहे. यांना गेल्या सोमवारपासूनच कायम केलं असं दाखवू. पत्रावर सोमवारची तारीख घाला. म्हणजे बुधवारच्या सह्या नियमात बसतात."

शरदनं श्वास सोडला. मीही सोडला.

"सर," विमल म्हणाली, "पत्र आजचं द्या."

"अहो, आजचं दिलं तर बुधवारी तुम्ही उमेदवारच होता!"

"होते सर. त्या सह्या तशाच राहू देत. त्यांच्या शेजारी मी आज परत करते."

शरदनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही मुलगी मी पुण्याहून आणली होती. मॅनेजरांच्या चहावर साय धरली. त्यांनी ती चमच्यानं बाजूला केली, एक घोट घेतला, टेबलावरचं पत्र चार तुकडे करून टोपलीत टाकलं आणि घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं.

"कायम केल्याचं पत्र," ते म्हणाले. "तारीख आजची."

कंपनीची बस सव्वापाचला सुटते. पाच वाजून दहा मिनिटांनी विमल पत्र घेऊन संगणक कक्षात आली, ते तिनं पर्समध्ये ठेवलं आणि अकरा कागद पुढ्यात घेतले. घाईत सही वाकडी येते, म्हणून प्रत्येक सहीनंतर ती थोडी थांबत होती. बसनं भोंगा दिला, आणखी एकदा दिला आणि सुटून गेली. शरद स्कूटर काढायला गेला होता, मी त्याला खिडकीतून थांब अशी खूण केली.

सात सह्या झाल्यावर विमलनं पेनला टोपण लावलं. मग खुर्ची टेबलापासून चांगली दोन हात मागे सरकवली, कागदांवर काही पडू नये इतकी, आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मी गार हवेचं यंत्र बंद केलं, कागद उडत होते.

डोळे कोरडे झाल्यावर तिनं हात पुसले, खुर्ची पुढे घेतली आणि उरलेल्या चार सह्या केल्या.